पंडुमाआधीची कैरी

१४ मार्च, ऊर्जानगर

पाहुणी आली. नाव लान. व्हिएतनामच्या डोंगराळ भागातली प्राथमिक शिक्षिका, पस्तिशीची असेल, उंचीला माझ्या खांद्याला लागते. अदलाबदलीचा कार्यक्रम आहे. आता ती आपल्या जंगलातल्या शाळा पाहणार, दिवाळीनंतर मी तिच्या. सोबतीला शिक्षण ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी मला दिलं, कारण म्हणे तुमचं इंग्रजी बरं आहे. माझं इंग्रजी! मी शिकवते त्या पाचवीच्या पुस्तकाबाहेर कधी गेलं नाही ते. पण तिचंही तेवढंच, म्हणून जमून जातं. दोघी मोडकंतोडकं बोलतो, दोघींना समजतं.

मी लगेच हो म्हटलं त्याचं कारण वेगळंच आहे. शेवटचा मुक्काम कोसमगुडा. तिथं सु. आहे, माझी एकुलती एक सुजाता. दोन वर्षं झाली, भामरागडच्या पल्याड दोन खोल्यांच्या शाळेवर शिक्षिका. फोन लागत नाही. पावसाळ्यात नदी चढली की पोरगी जगाच्या बाहेर. आता चंद्रपूरकडे बदलीची संधी चालून आली आहे, एप्रिलच्या चौदाच्या आत हो किंवा नाही सांगायचं आहे. ह्या खेपेस तिला मनवूनच यायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "पावनी फिरवाले चालली का पोरगी पकडाले?"

दोन्ही. गाडी एकच आहे.

१७ मार्च, गडचिरोली

मूल गावाकडच्या जंगलातून आलो. पळस भरात आहे. लाननं गाडी थांबवून एक फूल उचललं आणि दिवसभर हातात धरून बसली.

पहिली शाळा शहराबाहेर. पोरांनी पाढे म्हटले, तिनं टाळ्या वाजवल्या, तिच्या भाषेतलं एक गाणं शिकवलं. मग मुख्याध्यापकांच्या घरी जेवण. लाखोळीच्या डाळीचे वडे, मासोळीचा रस्सा, भात. नको म्हणेपर्यंत भात आणि नको म्हटल्यावरही भात. लाननं मासोळीचं डोकं उचललं आणि असं निगुतीनं खाल्लं की घरच्या बाई खूश. मला म्हणाल्या, "हे तर आपल्यातलीच निघाली." मी आपली काटे काढत बसलेली.

गाडीत विचारलं, तुमच्याकडं पाहुण्याचं कसं करतात. म्हणाली, यजमान स्वतः उचलून पाहुण्याच्या वाटीत घालतो. पाहुण्यानं नको म्हटलं तर यजमान दुखावतो. म्हटलं, इथंही तेच आहे बाई, आणि तू दोन दिवसांत गोल होऊन जाशील.

१८ मार्च, आलापल्लीच्या पुढं

साग, साग, साग. मधेच पोलीस कॅम्प, लानचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. तिनं हसून नमस्कार केला, शिपायानंही केला.

दुपारच्या शाळेत जेवणाला लाल मुंग्यांची चटणी. मी नाव ऐकलेलं, ताटात पहिल्यांदा. लाननं बोटावर घेतली, डोळे मिटले आणि मला सांगायला लागली की त्यांच्याकडं पण करतात, हिच्यात मीठ जरा कमी आहे. वर वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूचे कोंब. तेही तिच्या ओळखीचे. पळसाची पत्रावळ उलटी करून टाके पाहिले, म्हणाली आजी अशीच टाचायची.

बाप्पा! हजारो कोसांवरून आलेली बाई घरी आल्यासारखी जेवते आणि मी, चंद्रपूर जिल्ह्याची, भातावर नुसतं मीठ घेऊन बसली. परदेशी कोण झाली मग? शेवटी चटणी खाल्ली. आंबट, तिखट, चांगली. दुसऱ्यांदा मागितली. हे ह्यांना सांगायचं नाही.

१९ मार्च, कोसमगुडा

पोचलो. शेवटचा रस्ता रस्ता नव्हताच.

सु. काळी पडली आहे, वाळली आहे आणि हसत होती. मला पाहून धावत नाही आली. कडेवरचं लेकरू आधी खाली ठेवलं, त्याचं नाक पुसलं, मग आली. माझ्याशी मराठी, लगेच मागं वळून कोणाशी तरी माडिया, इथली बोली. माझ्या पोटची पोरगी माझ्यासमोर बोलते आणि मला एक शब्द कळत नाही.

उतरायची सोय गोटुलात. गावाचं बसायचं मोकळं घर आहे, पाहुणे तिथंच उतरतात. पाय धुवायला पाणी आलं. लालसूभाऊ आले, गावचे पेरमा, म्हणजे पूजा, सणवार पाहणारे. जोहार म्हणून नमस्कार केला. मग जुरीबाई, शाळेत पोरांचा सैपाक करते ती. माझे दोन्ही हात हातात घेतले, सोडेचना. सु. म्हणे, "तुले पाहून राह्यली ती. माझ्यासारखी दिसते का म्हून."

आणि जेवण. हे नीट लिहून ठेवते.

पाहुणा एका घरचा नसतो, गावाचा असतो. म्हणून प्रत्येक घरातून एकेक बाई द्रोणात मूठभर तांदूळ घेऊन आली. कोणाचा पांढरा, कोणाचा तांबूस, कोणाचा जाड, कोणाचा जुना पिवळट. सगळे एकाच हंड्यात शिजवले. ताटात आला तो भात तीन-चार रंगांचा. एक शीत मऊ, एक कच्चट. मी उभ्या जन्मात असा भात खाल्ला नाही. घास घेताना वाटलं, हा कोणत्या घरचा, हा कोणत्या. लाननं ताटातलं शेवटचं शीत टिपून खाल्लं. मी पण.

कबूल करते, मी भारावून गेली. माझ्या लग्नात पण माझ्यासाठी अख्खं गाव असं नाही आलं.

२० मार्च

उजाडायच्या सुमारास जुरीबाईसोबत मोहफुलं वेचायला. जमीन अशी झाकलेली की पाय कुठं ठेवावा कळेना. वास डोक्यात गेला. लानची टोपली भरली, माझी कंबर भरून आली. पोरं वेचून झाली की तिथूनच शाळेत.

शाळेच्या बाजूला आंब्याचं भलं मोठं झाड. वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या खाली पसरलेल्या. लान म्हणाली, माझ्या शाळेत एक कैरी जमिनीवर टिकणार नाही, इथं कोणी हात कसा लावत नाही? म्हटलं, शिस्त! माझ्या पोरीनं लावली. अभिमान वाटला, खोटं काऊन बोलू.

दुपारी सु.जवळ बदलीचा विषय काढला. ऐकून घेतलं, वाद नाही घातला. म्हणाली, "पाहू." तिच्या बाबांचा पाहू आहे हा, मी तीस वर्षं ओळखते त्याला.

उद्या सु. परीक्षेचे पेपर आणायला भामरागडला जाणार. मी ठरवलं, उद्या पोरांचा सैपाक मी करणार. गावानं एवढं केलं, आपणही करावं. कैरी घालून आंबट वरण. माझ्या हातच्या आंबट वरणाला आमच्या क्वार्टरच्या लाइनीत नाव आहे.

२१ मार्च, दुपार

डोकं तापलं आहे. तरी लिहिते.

जुरीबाईनं सकाळी चूल मला दिली. कैऱ्या मी स्वतः वेचून आणल्या. टोपलीतून ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती, मला वाटलं भीडस्त आहे, आपल्या गावची वस्तू पाहुणीनं कशाला वापरायची म्हणून. मी पुन्हा टोपलीत टाकल्या. कापायला घेतल्या तशी उठून बाहेर गेली.

वरण असं झालं की शेजारच्या गावात वास जावा. पोरं ओळीत बसली. मी वाढलं, भात आणि वर वरण. लानला म्हटलं, तू पण बस.

कोणी हात लावला नाही.

एकानंही नाही. मान खाली, हात मांडीवर, नजर बाजूला. लहानलहान पोरं, भुकेली. वरणाची वाफ थांबली. गावातल्या दोन-तीन बाया दारात उभ्या, त्यांना म्हटलं, तुम्ही तरी घ्या. त्या मागं सरकल्या.

मला माहीत आहे हे. हे कोणी मला शिकवायला नको. नोकरीच्या पहिल्या गावात माझा कप वेगळा होता, कान तुटलेला, शाळेच्या खिडकीत उपडा ठेवलेला. हळदीकुंकवाला बोलवायचे आणि माझ्या हातचे लाडू घरी गेल्यावर गाईला घालायचे. मान अशीच खाली, नजर अशीच बाजूला. बाबांनी सांगितलं होतं, बाई, शिकली तरी ताट विसरू देत नाहीत. म्हणजे इथंही? जंगलात पण? ज्यांचा तीन रंगांचा भात मी परवा डोळ्यांत पाणी आणून खाल्ला, त्यांना माझ्या हातचं चालत नाही?

लान काहीतरी सांगू पाहत होती. मी ऐकलं नाही. भांडं आपटलं. जुरीबाईला बोलली, मराठीत बोलली, तिला काय समजलं देव जाणे. "तुमचं खाल्लं मी, माझं नाई चालत तुमाले." पोरं उठून गेली.

सु. आली की बॅग भरायला सांगते. एक रात्र नाही राहायचं. चंद्रपूरला हो म्हणून टाकायचं. बस्स.

२१ मार्च, दिवस मावळताना

सु. आली. मी दारातच सांगितलं, चल. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग चुलीकडं. हंड्यावरचं झाकण काढलं. आणि तिथंच खाली बसली.

"आई, तू कैरी शिजवली?"

मग सगळं कळलं. आंब्याचा पंडुम व्हायचा आहे. पंडुम म्हणजे त्या-त्या फळाचा, धान्याचा गावाचा सण. पेरमा दिवस सांगतो, गाव झाडाखाली जमतं, पहिलं फळ झाडाला, जमिनीला, मेलेल्या जुन्या माणसांना द्यायचं आणि मग माणसांनी खायचं. तोपर्यंत कोणी कैरी तोंडात घालत नाही. दोन वर्षांचं पोर पण पडलेली उचलत नाही. आधी खाल्ली तर गावावर काही येतं, वादळ, आजार, वाघ.

म्हटलं, मग सांगितलं काऊन नाही मला? सु. म्हणे, पाहुण्याला नको म्हणत नाहीत. पोरांना मला नको म्हणायचं नव्हतं आणि खायचं पण नव्हतं, म्हणून ती तशीच बसली. जुरीबाईनं कैऱ्या बाजूला काढल्या तेच तिचं सांगणं होतं.

माझा कान तुटलेला कप कुठं आणि ह्यांची कैरी कुठं. तीस वर्षं मी जे ओळखत होती तेच मला दिसलं. तेवढंच दिसलं.

सु.ला विचारलं, तू खाते का? म्हणाली, दोन वर्षं झाली, मी पण पंडुमाआधी नाही खाल्ली. मी भडकली. म्हटलं, तू कवापासून देव मानाले लागली? तुझ्या आजोबानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात कोणी...

"मी मानत नाई, आई. पण मी त्यायच्या घरी जेवते नं."

मी हंड्यावर झाकण परत ठेवलं.

२२ मार्च

शाळा भरली, चूल पेटली नाही. जुरीबाई येऊन बसली, पण काडी लावली नाही. ती चूल आता तशी वापरता येत नाही म्हणे. पोरं उपाशीच पाढे म्हणत होती. एक पोरगी माझ्याकडं पाहून हसली, मला तेही नाही सोसलं.

दुपारी गोटुलासमोर गाव बसलं. सु. मला एकेक सांगत होती, आवाज अगदी हळू. दोघं-तिघं वयस्कर म्हणाले, मॅडम चांगली आहे, पण आता तिच्या घरच्या माणसानं हे केलं. आंब्याला काही झालं तर गाव कोणाला विचारणार? त्यापेक्षा मॅडमनं शहरात जावं, दुसरं कोणी येईल. कोणी ओरडलं नाही. शिवी नाही, बोट नाही. आणि बसण्याआधी आम्हाला पाणी दिलं, बसायला खाट दिली. जिच्यावर बैठक बसली आहे तिलाच आधी पाणी! माझ्या आयुष्यात असं मी पाहिलं नाही.

सु.चा चेहरा पाहिला. तिनं खालचा ओठ दातात धरला होता, लहानपणी सुई टोचताना धरायची तसा. दोन वर्षांत एक शब्द तक्रारीचा नाही केला पोरीनं, आणि हे माझ्यामुळं.

मी हेच मागायला आली होती नं इथं? पोरगी परत पाहिजे. घे. गाव स्वतःच देऊन राह्यलं. मग आता घेववत काऊन नाही?

लालसूभाऊ शेवटी बोलले. पंडुम होऊ द्या, आंबा काय म्हणतो ते पाहू, तेव्हा ठरवू. तोवर जिनं केलं तिनं कोंबडी आणि मूठभर तांदूळ द्यावे आणि झाडासमोर यावं.

मी उभी राहिली. म्हटलं, भाऊ, कोंबडी देते, तांदूळ देते, चूक माझी आहे. पण मी देवापुढं हात जोडत नाही. आमच्या घरात ते सुटलं, आणि ते सोडायला आमच्या माणसांना काय लागलं ते मलाच माहीत. खोटे हात जोडले तर तुमचं पण खोटं होईल आणि माझं पण.

सु. भाषांतर करताना दोनदा थांबली. मला वाटलं, झालं, संपलं. लालसूभाऊंनी तंबाखू मळली. मग माझ्याकडं पाहून मराठीतच बोलले.

"हात नोका जोडू, बाई. झाडाले सांगा, मी पावनी आहो, मले मालूम नोहतं. हे खरं आहे नं?"

खरं आहे, म्हटलं.

"मंग झालं."

२३ मार्च

सकाळी झाडाखाली. लालसूभाऊंनी माझी कोंबडी, तांदूळ घेऊन त्यांचं केलं, मी पाहत होती. मग माझ्याकडं वळले. मी बसली, विहारात बसते तशी, पाठ सरळ, हात मांडीवर. लान माझ्या बाजूला येऊन बसली, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

झाडाला काय बोलायचं? पण बोलली. मोठ्यानं, मराठीत. मी पाहुणी आहे, ऊर्जानगरची. मला माहीत नव्हतं. तुझी फळं तुझ्या लोकांच्या आधी मी घेतली. आणि एक जास्तीचं बोलली, ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, राग असेल तर माझ्यावर ठेव, पोरीवर नको.

हसू नाही आलं. मला वाटलं होतं येईल.

वर पाहिलं. कैऱ्यांनी लदबदलेलं झाड, किती जुनं देव जाणे. ह्याच्याखाली किती पिढ्या थांबल्या असतील, तोंडाला पाणी सुटलेलं असताना, फक्त सगळ्यांनी मिळून खायचं म्हणून. मी तिथंच बसून राहिली, सु.नं हात दिला तेव्हा उठली.

लान म्हणाली, तिच्या आजीकडं नव्या तांदळाचं असंच होतं. आजी गेली, ते शहरात आले, आता तांदूळ पिशवीत येतो, कोणी थांबत नाही. त्या दिवशी पोरं बसली तेव्हाच तिला ओळखीचं वाटलं होतं. तेच ती मला सांगत होती, आणि मी भांडी आपटत होती.

लालसूभाऊंच्या घरून जुरीबाईनं विस्तव आणला. जुनी राख काढली, चूल सारवली, नव्यानं पेटवली. आणि बाजूला सरकून मला बोलावलं. हातानंच, ये. सु. म्हणे, "तुले सैपाक कर म्हणून राह्यली."

साधं वरण, भात. हळद, मीठ, बस. लक्ष सगळं पोरांकडं, मीठ दोनदा पडलं. पोरं ओळीत बसली. मी वाढलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पाहायची हिंमत नव्हती. मागून भुरक्यांचा आवाज आला.

खारट झालं होतं. तरी पुन्हा मागितलं. जुरीबाई माझ्या हातून घास घेऊन चघळत म्हणाली काहीतरी, सगळे हसले. सु.नं सांगितलं, म्हणते तुझ्या आईनं सगळ्या गावाचं मीठ आजच संपवलं. मी पदर तोंडाला लावून रडली. लेकरांसमोर, हो.

२४ मार्च

निघालो. द्रोणात मोहफुलं, चारोळी, एक भोपळा. लानला जुरीबाईनं पत्रावळी टाचून दिल्या, डझनभर.

सु. गाडीपर्यंत आली. म्हणाली, "पंडुम कवा होईन कोणाले मालूम नाई. माझा फोन लागत नाई. चौदाच्या आत ऑफिसले तुलेच सांगा लागन. गावानं जा म्हटलं तर मले जाच लागन, अन् तवा चंद्रपूरची जागा गेली तर कुठी फेकतीन मालूम नाई. तू ठरव, आई."

मी ठरवू. मी, जिनं वरण केलं.

विचारलं, तुला काय पाहिजे ते सांग. तिनं शाळेकडं पाहिलं. पोरं झाडाखाली खेळत होती, कैऱ्यांना चुकवून चुकवून. माझा पदर नीट केला आणि गाडीचं दार लावलं.

२ एप्रिल, ऊर्जानगर

लान परवा गेली. मी नागपूरपर्यंत सोडायला गेली. विमानतळावर पत्रावळी तपासायला काढल्या, त्या माणसाला ती काय समजावत होती देव जाणे, पण घेऊन गेली.

ह्यांनी बाजारातून कैऱ्या आणल्या. पन्हं कर म्हणाले. म्हटलं, यंदा थोडं थांबा. काऊन? तब्येत बरी नाही का? सगळं सांगितलं. हे माणूस आयुष्यभर पॉवर स्टेशनात, बटन दाबलं की दिवा लागला पाहिजे. मला वाटलं हसतील. टोपली उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे, ताक कर."

८ एप्रिल

दुपारून आभाळ काळं झालं. वारा असा सुटला की चिमणीचा धूर आडवा. गारा पण. लाइनीतली पोरं गारा वेचत नाचत होती आणि मी गॅलरीत, गडचिरोलीकडं तोंड करून. टीव्हीवर म्हणे दक्षिणेकडं पण इशारा आहे. कोसमगुड्याला झाला का पाऊस? झाडाला काय झालं? मी बोलली होती, पोरीवर नको. ऐकलं का?

मानत नाही मी. पण रात्री जेवली नाही.

१२ एप्रिल

सु.चा निरोप नाही. भामरागडवरून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला विचारलं, त्याला कोसमगुडा माहीत नाही.

१३ एप्रिल

ऑफिसातून फोन आला. हो का नाही? उद्या सुट्टी, आजच सांगा. मॅडम, अशी जागा पुन्हा मिळणार नाही, पुष्कळ जण टपून आहेत.

मला माहीत आहे मिळणार नाही. गाव जा म्हणालं तर पोरगी कुठं फेकल्या जाईल तेही माहीत आहे. हो म्हटलं असतं तर पंधरा दिवसांत समोरच्या खोलीत झोपली असती. तिची खाट मी मार्चमध्येच उन्हात टाकून ठेवली आहे.

डोळ्यांसमोर काय आलं? ती लेकराचं नाक पुसताना.

नाही म्हणाली. ऑफिसातल्या बाईनं विचारलं, नक्की? नक्की. फोन ठेवला आणि पायरीवर जाऊन बसली. ह्यांनी पाणी आणून दिलं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. पांढरी साडी नेसली, तीच जी सु.नं पहिल्या पगारातून घेतली. सगळे विचारत होते, सुजाता नाही आली? म्हटलं, तिच्या गावी सण आहे. खरं का खोटं, मला पण माहीत नाही.

जेवणात बुंदी, भाजी, भात. आणि कैरीचं लोणचं. बाजूच्या बाई वाढायला आल्या, मी ताटावर हात धरला. काऊन हो, पथ्य आहे का? म्हटलं, हाव.

घरी आली तर लानचा मेसेज. तिच्या शाळेतल्या पोरांचा फोटो, पुढ्यात पळसाच्या पत्रावळी, आता वाळून तपकिरी झालेल्या. खाली एकच ओळ: आंब्याचा पंडुम झाला का?

कळवलं, माहीत नाही. वाट पाहते.

संध्याकाळचा वारा सुटला आहे. खिडकीतल्या टोपलीतल्या कैऱ्या पिवळ्या पडायला लागल्या, वास घरभर. हे येता-जाता पाहतात, हात नाही लावत.